गणिताचा तास पाहताना : चांदा ते गडचिरोली

आजच्या व्याख्यानात आपण इतिहासाबद्दलच बोलणार आहोत, पण राजे, लढाया आणि तह यांच्याबद्दल नाही. आपला विषय आहे शाळेतला गणिताचा तास, आणि त्यातही तो तास बाहेरून येऊन पाहणारा माणूस. वर्ग चालू असताना मागे खुर्ची टाकून कोणीतरी बसतं, वही उघडतं, मुलांना दोन-चार प्रश्न विचारतं, शेरेबुकात चार ओळी लिहितं आणि पुढच्या गावाला निघून जातं. गेली दीडशे वर्षं हे चालत आलंय. या माणसाला काय दिसलं, काय ऐकू आलं आणि काय ऐकूच आलं नाही, हे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरतं आपण पाहू.

हेच जिल्हे का, ते आधी सांगितलं पाहिजे. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये चांदा इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि चांदा हा त्यातला मराठी मुलखाचा जिल्हा ठरला. दक्षिणेचा सिरोंचा भाग निजामाकडून १८६० मध्ये आला आणि १८७४ मध्ये तो चांद्याला जोडला गेला. तिथे बाजाराची भाषा तेलुगू. मधल्या जंगलपट्ट्यात गोंडी, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी. पुढे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची वस्तीही इथे झाली. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा या भाषांच्या पेटीचा मोठा भाग नव्या जिल्ह्याकडे गेला. शाळेची भाषा मात्र बहुतेक ठिकाणी एकच राहिली, ती म्हणजे पुस्तकी मराठी.

आता तुम्ही म्हणाल, भाषेचा प्रश्न कवितेच्या तासाला येईल, गणिताचा काय संबंध? दोन अधिक दोन सगळीकडे चारच. हे खरं आहे. पण मूल दोन अधिक दोन कोणत्या शब्दांनी मोजतं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि आपल्या गोष्टीचा गाभा तोच आहे.

इंग्रजी अंमलाच्या आधीची शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. धूळपाटी, ओनामा, उजळणी आणि पाढे. पाढे नुसते तीसपर्यंतचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पावपट, अर्धापट, पाऊणपट असं करत साडेतीनपटीपर्यंतचे पाढे. आज ते ऐकले की आपल्याला गंमत वाटते. पण सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात हे पाढे म्हणजे दुकानाच्या गल्ल्याची किल्ली होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि पावकी-निमकीचं काम संपलं. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. शाळेतलं गणित आकाशातून पडत नाही. ते कोणाच्या तरी हिशोबासाठी घडलेलं असतं. पंतोजीचं गणित कुलकर्ण्याच्या दप्तरासाठी आणि वाण्याच्या वहीसाठी घडलं होतं. जंगलात राहणाऱ्या गोंड शेतकऱ्याचा त्या वहीशी संबंध यायचा तो बहुधा दुसऱ्या बाजूने. त्याचा हिशोब दुसरं कोणीतरी लिहायचं.

सरकारी शाळा आल्या आणि त्यांच्याबरोबर शाळा तपासनीस आला. मुंबई इलाख्यात लोक त्याला ‘दिपोटी’ म्हणत, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. त्याच्या कामामागचा विचार समजून घ्यायला थोडं इंग्लंडला जावं लागतं. तिथे १८६२ मध्ये एक नियम आला. मुलांची वाचन, लेखन आणि अंकगणित यांची परीक्षा घ्यायची आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेचं अनुदान ठरवायचं. निकालावर पैसा. ही कल्पना हिंदुस्थानातही आली आणि वेगवेगळ्या प्रांतांत कमी-अधिक प्रमाणात वापरली गेली. १८८२ च्या हंटर आयोगानेही प्राथमिक शाळांसाठी तिचा पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कर्झनच्या काळात ती मागे पडली.

पद्धत मागे पडली, तिची सवय मात्र मागे पडली नाही. तपासनीस वर्गात आला की तो तास पाहत नाही, परीक्षा घेतो, ही ती सवय. ‘तू उभा राहा, बाराचा पाढा म्हण.’ ‘तू, सत्तेचाळीस लिही.’ उत्तर बरोबर आलं तर शिक्षक बरा, चुकलं तर शिक्षक वाईट. उत्तर कसं आलं, किंवा का आलं नाही, हे विचारायला त्या पद्धतीत जागाच नव्हती.

त्याच हंटर आयोगापुढे १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणाबद्दलच्या त्यांच्या मागण्या आपल्याला साधारण माहीत असतात. तपासणीबद्दल ते काय म्हणाले, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीच्या भेटीचा शाळेला म्हणावा तसा उपयोग होत नाही, शाळा निदान तीन महिन्यांनी एकदा तरी पाहिल्या पाहिजेत, आणि कधीकधी आगाऊ न कळवता जाऊन पाहिल्या पाहिजेत, असं त्यांचं सांगणं होतं. शेतकऱ्याच्या मुलाला मोडी, बाळबोध, हिशोब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान मिळावं, अशीही त्यांची मागणी होती. फुले पुण्याचे, मुंबई इलाख्यातले. चांदा तेव्हा मध्य प्रांतात. पण त्यांनी बोट ठेवलेली जागा दोन्हीकडे सारखीच दुखरी होती. पुण्याजवळच्या शाळेची ही अवस्था, तर पावसाळ्यात नाल्यांपलीकडे तुटून पडणाऱ्या अहेरीकडच्या शाळेत तपासनीस किती वेळा पोचत असेल, याचा अंदाज आपणच करायचा.

यानंतर दोन वेगळे प्रयत्न झाले, आणि दोन्ही आपल्या शेजारीच झाले. पहिला वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना पुढे आली. काम आणि विषय यांची सांगड घालायची, याला त्यांनी ‘समवाय’ म्हटलं. आता या योजनेतला गणिताचा तास डोळ्यांपुढे आणा. मुलाच्या हातात टकळी आहे. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. आज किती तार निघाले, गुंडीला किती कमी पडले, आठवड्याला किती होतील? मोजण्याची गोष्ट मुलाच्या बोटांत आहे. ही योजना का टिकली नाही, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आपल्यासाठी एवढंच महत्त्वाचं, की हिशोबाची सुरुवात फळ्यावरून होण्याऐवजी मुलाच्या हातातल्या कामातून व्हावी, हे इथे स्पष्टपणे मांडलं गेलं.

दुसरा प्रयत्न नदीपलीकडचा. चंद्रपूरच्या दक्षिणेला आदिलाबाद जिल्हा, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातला. तिथे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलावाई या गावी गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. गोंडी भाषेतली वाचनपुस्तकं तयार झाली, आणि ती देवनागरी लिपीत होती. गोंड तरुणच शिक्षक झाले आणि मुलांनी अक्षर पहिल्यांदा आपल्या भाषेतून ओळखलं. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, तेलुगू माध्यम आलं आणि हा धागा तुटला. पण ऐंशी वर्षांपूर्वी, चंद्रपूरच्या सीमेला लागून, गोंडी शाळेत येऊ शकते हे करून दाखवलं गेलं होतं.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे येऊ. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तपासनिसाच्या जागी विस्तार अधिकारी आला. १९९४ मध्ये राज्याने केंद्रशाळांची रचना केली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, आणि राज्यभर मिळून ४,८६० केंद्रं. कागदावर ही रचना चांगली होती. केंद्रप्रमुखाने तास पाहावेत, शिक्षकांनी एकत्र बसून अडचणी बोलाव्यात, आदर्श पाठ घ्यावेत. प्रत्यक्षात त्या माणसाच्या अंगावर माहिती गोळा करण्याचं काम इतकं पडलं, की तास पाहणं हे उरलेल्या वेळेतलं काम झालं. पाहिला तरी हातात नमुना असतो : फलकलेखन, शैक्षणिक साहित्याचा वापर, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद, वर्गाचं व्यवस्थापन. खूण करायची आणि सही करायची.

त्या नमुन्यात न मावणारी गोष्ट कोणती, ते आता बघू. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातला दुसरीचा वर्ग घ्या. दोन शिक्षकी शाळा, म्हणजे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता. गुरुजी मन लावून शिकवताहेत. टेबलावर काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या आहेत. गुरुजी म्हणतात, ‘एकोणतीस लिहा.’ मागे बसलेला पाहुणा वहीत लिहितो, ‘साहित्याचा वापर केला.’ पुढच्या ओळीतलं मूल पाटीवर ३९ लिहितं. पाहुणा लिहितो, ‘संख्याज्ञान कच्चे.’

आपण जरा त्या मुलाच्या कानांनी ऐकू. ‘एकोणतीस.’ लिहायचे आहेत २ आणि ९. या शब्दात दोन ऐकू येतो का? नाही. नऊ ऐकू येतो का? तोही नाही. ऐकू येतात ते एक आणि तीस. शब्दाच्या पोटात एक वजाबाकी दडलेली आहे, तीसला एक उणा. आणि दोन अंकी संख्यांची वजाबाकी तर त्या मुलाला अजून शिकवायचीच आहे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत असे आठ शब्द आहेत. नव्याण्णवला मात्र हा नियमही मोडतो. बाकीच्या शब्दांत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. शंभरापर्यंतचा जवळपास प्रत्येक शब्द सुटा पाठ करावा लागतो. ज्याच्या घरी मराठी बोलतात, त्याच्या कानावर हे शब्द पाळण्यापासून पडलेले असतात, म्हणून त्याला ते ओझं जाणवत नाही. माडिया बोलणाऱ्या मुलाला ते वर्गातच पहिल्यांदा भेटतात.

त्याच्या घरी मोजणी वेगळी आहे. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सयुंग. बोलीप्रमाणे उच्चार थोडे बदलतात. गोंडी-माडिया या द्राविडी कुळातल्या भाषा, म्हणून ‘रंड’ ऐकल्यावर तेलुगूचा ‘रेंडु’ आठवतो. दहाच्या पुढे अनेक ठिकाणी शेजारच्या भाषेतले शब्द घेतले जातात. म्हणजे मूल मोजायला येत नाही म्हणून चुकतंय, की मोजलेल्याचं मराठी नाव माहीत नाही म्हणून चुकतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेरेबुकात त्या दोन्हींचा शेरा एकच पडतो. गेल्या वीस वर्षांत मोठ्या पाहण्या सुरू झाल्या, २००५ पासून ‘असर’ चर्चेत येतो. तिथेही अंक दाखवून मोठ्याने वाचायला सांगतात. या पाहण्यांनी शिक्षणाच्या दर्जाकडे देशाचं लक्ष वेधलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्यांच्या आकड्यात संख्येची समज आणि संख्येचं नाव एकत्र मिसळलेलं असतं, हे वाचताना ध्यानात ठेवावं लागतं.

काड्यांच्या गठ्ठ्याबद्दलही थोडं बोलू. गठ्ठा ही कल्पना त्या मुलाला नवी आहे, असं गृहीत धरून आपण ती शिकवतो. पण मे महिन्यात हेच मूल आईबरोबर तेंदूपत्ता बांधत असतं. सत्तर पानांचा एक पुडा. हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. शेजारच्या मध्य प्रदेशात पुडा पन्नास पानांचा, आपल्याकडे सत्तरचा. पुड्यात पानं कमी भरली तर चालत नाही. धान मोजायचं तर वीस कुडवांची खंडी. गठ्ठा, सुटे, भरलेला, अपुरा, हे सगळं घरी रोजच्या वापरातलं आहे. फक्त तो गठ्ठा दहाचा नाही, सत्तरचा आणि विसाचा आहे. ‘सत्तर म्हणजे दहाचे किती गठ्ठे?’ हा प्रश्न विचारला, तर घर आणि फळा यांच्यामध्ये दार उघडतं. असा प्रश्न विचारणारे शिक्षक या जिल्ह्यांत आहेत, आम्ही त्यांचे तास पाहिलेत. मात्र त्या प्रश्नासाठी तपासणीच्या नमुन्यात रकाना नसतो.

२०१९ हे साल या गोष्टीत महत्त्वाचं आहे. त्या वर्षी जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला. एकवीस ते नव्याण्णव या संख्या ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशा रीतीने वाचायची पद्धत पुस्तकात आली होती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी कारणं सांगितली : जोडाक्षरांचे अवघड शब्द, बोलण्या-लिहिण्याचा उलटा क्रम, आणि दक्षिणेकडच्या भाषांतली सरळ पद्धत. जुने शब्दही ठेवले आहेत, हेही सांगितलं. पण मराठी भाषा मोडीत निघाली, अशी ओरड झाली. विधानसभेत विनोद झाले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या.

त्या चर्चेत मुंबई होती, पुणं होतं. सिरोंचा नव्हता. सिरोंच्याच्या बाजारात बहात्तरला तेलुगूत ‘डेब्बै रेंडु’ म्हणतात, सत्तर दोन. एकोणतीसला ‘इरवै तोम्मिदि’, वीस नऊ. ज्या पद्धतीला परकी म्हणून हसलं गेलं, ती याच राज्याच्या एका तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या भाजी विकत होती. आमचं म्हणणं असं नाही, की ‘पंचवीस’ हा शब्द टाकून द्या. शब्द हा वारसा आहे, तो राहील. प्रश्न एवढाच आहे, की सहा-सात वर्षांच्या मुलाला संख्येची रचना आधी कळावी, की तिचं नाव आधी पाठ व्हावं?

त्याच २०१९ साली धानोरा तालुक्यातल्या मोहगाव इथे ग्रामसभांनी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. घटनेच्या ३५० अ या कलमाचा, म्हणजे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीचा, त्यांनी आधार घेतला. हे कलम १९५६ पासून घटनेत आहे. शिक्षणहक्क कायदाही शक्यतो मातृभाषेतूनच शिकवा, असं म्हणतो. तरी मान्यता नाही म्हणून शाळेला नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे देशभरात सुमारे तीस लाख होते. आठव्या परिशिष्टात मात्र गोंडी नाही. एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. पहिलीवर महाराष्ट्र महिनाभर बोलला, दुसरी बऱ्याच जणांना आज इथेच पहिल्यांदा कळली असेल.

हे सगळं एवढ्या तपशिलाने सांगायचं कारण काय? धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावाला डिसेंबर २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. आज अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे लिलाव स्वतः करतात. म्हणजे किती पुडे, काय भाव, किती मजुरी, बँकेत किती शिल्लक, हे सगळं गावाने लिहायचं आहे. दीडशे वर्षं ज्यांचा हिशोब दुसऱ्यांनी लिहिला, त्यांच्या हातात वही आली आहे. दुसरीतलं ते मूल दहा-बारा वर्षांनी ही वही उघडणार आहे. ‘संख्याज्ञान कच्चे’ हा शेरा वाचून गणित आपलं नाही असं ते ठरवून बसलं, तर वही पुन्हा दुसऱ्याच्या हातात जाईल.

मग तास पाहायचा कसा? जपानमध्ये गेली शंभरहून अधिक वर्षं शिक्षक एकमेकांचे तास पाहतात. चार-पाच जण मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलांजवळ उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात. नंतर सगळे मिळून पाठावर बोलतात. शिकवणाऱ्याला गुण दिले जात नाहीत. १९९९ मध्ये स्टिग्लर आणि हिबर्ट या अमेरिकन अभ्यासकांनी पुस्तक लिहिलं आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. आपल्या केंद्रसंमेलनांत हे बसू शकतं, त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. खुर्ची मागच्या भिंतीपासून उचलायची आणि मुलांच्या शेजारी खाली बसायचं. पाटीवर ३९ दिसलं तर शेरा लिहिण्याआधी मुलाला म्हणायचं, ‘तेवढ्या काड्या दे बरं.’ त्याने एकोणतीस काड्या मोजून दिल्या, तर त्याचं गणित पक्कं आहे, संख्या अंकांत लिहिणं अजून यायचं आहे. एकोणचाळीस दिल्या, तर शब्दच चुकीचा कळलाय. आणि काड्या वाटेल तेवढ्या आल्या, तर मोजण्यापासून सुरुवात करायची. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. त्याच्या भाषेतली मोजणी गुरुजींना येत नसेल, तर वर्गातलं मोठं मूल येईल, गावातली आजी येईल. दहापर्यंतचे दहा शब्द शिकायला गुरुजींना एक दुपार पुरे.

फुल्यांनी तपासणी वारंवार व्हावी, असं सांगितलं, वर्ध्याने हातातलं काम दाखवलं, मारलावाईने भाषा दाखवली. या तिन्ही गोष्टी याच मुलखाच्या आसपास आपल्याकडे होत्या. त्या एका वर्गात, एका तासात अजून एकत्र आलेल्या नाहीत. ते काम शिक्षकांचं आहे, अधिकाऱ्यांचं आहे आणि ग्रामसभांचंही आहे. गावाने आपल्या शाळेतला गणिताचा तास पाहायला जाण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. शाळा व्यवस्थापन समितीत पालक आहेतच.

वेळ झाला आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.